डिस्चार्ज कार्ड एआयकडून लिहून घेताय का कुणी? एका गोळीवरून माझी झोप उडालीय

मेडिसिन_रेसिडेंट

नमस्कार मंडळी, मेडिसिनला सेकंड इयर रेसिडेंट आहे, विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजला, कुठलं ते सांगत नाही. आमच्या युनिटचा ॲडमिशन डे झाला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम दहा-बारा डिस्चार्ज निघतात. राऊंड संपेपर्यंत अकरा वाजलेले असतात, इंटर्न रिपोर्ट गोळा करायला लॅबकडे पळतो आणि मी फायलींचा गठ्ठा घेऊन ड्युटी रूममध्ये बसतो. दाराशी नातेवाईक उभे, कुणाची दोनची एसटी असते, ती गेली तर रात्र हॉस्पिटलच्या ओट्यावर काढायची, म्हणून दर पाच मिनिटांनी 'साहेब, कार्ड झालं का'. त्यांचं काहीच चुकत नाही.

तर गेले दोन महिने मी काय करतोय की फोनवरच्या एआय चॅटमध्ये केस शॉर्टमध्ये टाइप करतो, नाव नाही, आयपीडी नंबर नाही, फक्त वय, तक्रार, तपासण्या, काय दिलं, आणि सांगतो की हॉस्पिटल कोर्स, म्हणजे ॲडमिट असताना काय काय झालं तो भाग, लिहून दे. दोन मिनिटांत सुंदर इंग्रजीत दोन परिच्छेद येतात, ते मी उतरवतो, खाली औषधं लिहितो, सही, शिक्का. आमच्या युनिटच्या मॅडम राऊंडला म्हणाल्या सुद्धा की 'कार्ड चांगली लिहायला लागलास', आणि मी गप्प बसलो. ते अजून मनाला टोचतंय.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. साठीच्या पुढचे एक बाबा, शेतकरी, जुलाब-उलट्या चार दिवस, आले तेव्हा क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) ३.४, पोटॅशियम ६.१, दोन्ही फार वाढलेले. बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० चालू होती, तिने पोटॅशियम आणखी वाढू शकतं म्हणून ती कॅज्युअल्टीतच थांबवली, पोटॅशियमचं करेक्शन दिलं, सलाईन दिलं, पाच दिवसांत क्रिएटिनिन १.६ वर आलं. मी टाइप करताना लिहिलं की एचटीएन (बीपीचा आजार) आहे, टेल्मिसार्टन ४० वर आहे, पोटॅशियम ६.१ होतं, करेक्ट केलं. आलेल्या कोर्सची शेवटची ओळ अशी की घरच्या बीपीच्या गोळ्या पूर्ववत चालू ठेवण्यात आल्या. मी ती वाचली. खरंच वाचली, आणि वाचूनसुद्धा डोळ्याला खटकली नाही, कारण अशा ओळी शेकडो कार्डांवर असतात. मग औषधांच्या यादीतही माझ्याच हाताने टेल्मिसार्टन लिहून मोकळा झालो.

पकडलं कुणी तर वॉर्डच्या सिस्टरनी. गोळ्यांची पुडी करून देताना म्हणाल्या, 'डॉक्टर, हिच्यावर तर तुम्ही पहिल्याच दिवशी काट मारलीय ना?' मी जिना उतरून धावत गेलो, बाबा आणि त्यांचा मुलगा गेटपाशी चहा पीत होते, नशीब. कार्ड परत घेतलं, नवीन लिहून दिलं.

नंतर फाईल उघडून बघितली तर ट्रीटमेंट शीटवर त्या गोळीवर एक आडवी रेघ, बाजूला 'स्टॉप' आणि माझीच सही. का थांबवली ते कुठेच नाही. ते फक्त माझ्या डोक्यात होतं.

त्या रात्री फोनमध्ये राहिलेले जुने सगळे कोर्स परत वाचत बसलो. एका किडनीच्या पेशंटच्या नोट्समध्ये मी 'एच/ओ आरटीए २०१९' टाकलं होतं, म्हणजे गाडीचा अपघात, आणि तिथे छापून आलंय रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस, हा किडनीचा एक आजार. किडनीचीच केस असल्यामुळे ते इतकं शोभून दिसत होतं की मला दिसलंच नाही. एकीला जायच्या दिवशी सकाळी १००.४ ताप होता, ताप-नाडीच्या टीपीआर चार्टवर आहे, मी टाइप केला नव्हता, कोर्समध्ये 'अफेब्राइल आणि स्टेबल', म्हणजे ताप नाही. आणि जवळजवळ प्रत्येक कार्डावर 'पेशंट व नातेवाईकांना आजाराबद्दल समजावून सांगितले'. मी कुठे सांगितलं होतं? बारापैकी दोघातिघांना सांगितलं असेन. त्या दोन पेशंटना फोन लावले, एकीचा लागला, बऱ्या आहेत. दुसरा लागत नाहीये.

विचारायचं असं की कुणी हे रोज वापरतंय का, वापरत असाल तर काय त्याच्याकडे देता आणि काय अजिबात देत नाही? पूर्ण बंद करावं का? आणि मॅडमना सांगावं का? बारा कार्ड हाताने लिहायची म्हणजे शेवटची चार कशी होतात ते पण मला माहीत आहे, ती काही आदर्श नसतात.

---

तालुक्यातला_फिजिशियन

तुला अरे-तुरे करतो, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे. आधी मॅडमना सांग, आजच सांग. शिक्षा म्हणून नाही रे, युनिटमध्ये आणखी कोण कोण असं करतंय ते त्यांना माहीत असायला हवं म्हणून. आणि दुसरा जो पेशंट फोन उचलत नाही त्याच्या गावच्या पीएचसीला फोन कर, आशाताईंना निरोप गेला की घरापर्यंत जातो, आमच्याकडे हा रस्ता बहुतेक वेळा चालतो.

आता दुसऱ्या टोकाचं सांगतो, कारण तुमची कार्डं येतात माझ्यासारख्याकडे. पेशंट प्लास्टिकच्या पिशवीतून चार घड्या घातलेलं कार्ड काढतो, मी पहिले खाली बघतो, औषधं काय. मग वर डायग्नोसिस. मग शोधतो की आधी जे चालू होतं त्यातलं काय बदललं आणि का बदललं. कोर्सचा परिच्छेद मी शेवटी वाचतो, ओपीडीत पन्नास लोक बसलेले असले तर वाचतही नाही. पूर्वीच्या रेसिडेंट लोकांची कार्डं तीन ओळींची असायची, अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण त्यात 'टेल्मी बंद, के ६.१, आठ दिवसांनी के बघणे' (के म्हणजे पोटॅशियम) एवढं असलं की माझं काम झालं. हल्ली दीड वर्षात छान छान कार्डं यायला लागली आहेत, भाषा एकसारखी, कुठल्याही हॉस्पिटलचं असो, आणि पानभर वाचून झालं तरी मला हवी ती ओळ सापडत नाही.

तू स्वतःच उत्तर लिहून गेलास बघ, 'ते फक्त माझ्या डोक्यात होतं'. मशीन असो, इंटर्न असो की रात्री तीनला तू स्वतः असो, जे फाईलमध्ये नाही ते कार्डावर येणार कुठून? म्हणून सवय लाव, गोळीवर काट मारतानाच बाजूला दोन शब्द लिहायचे. 'के ६.१'. 'खोकला'. 'शुगर ५२'. पेन हातातच असतं तेव्हा.

एआयच्या विरोधात मी नाही, हे पण सांगून ठेवतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे संधिवाताच्या एक बाई आल्या, तोंड आतून पूर्ण सोललेलं, पाणी गिळवत नव्हतं, सीबीसी केला तर रक्तातल्या पेशी खाली. कार्डावर मेथोट्रेक्झेटपुढे 'ओडी', म्हणजे रोज एकदा, लिहिलेलं. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी रोज अकरा दिवस खाल्ली. ते कार्ड माणसाने, हाताने, निळ्या पेनने लिहिलेलं होतं. तेव्हा हाताने लिहिलं की सुरक्षित असं धरून चालू नको. मेथोट्रेक्झेट, वॉर्फरिन, इन्शुलिन, डिगॉक्सिन ही चार नावं कार्डावर असली की मी आजही पेशंटला विचारतो, 'हे औषध कसं घेता, तुमच्या तोंडून सांगा'. तू पण कार्ड हातात देताना विचारत जा.

---

टीपीए_डेस्कवरून

मी डॉक्टर नाही, एका खाजगी हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कला नऊ वर्षं आहे. कुणी बोलत नाही म्हणून हा एक मुद्दा सांगते, कारण मी तो रोज भोगते. डिस्चार्ज समरीतला एक एक शब्द क्लेम बघणारा वाचतो. आमच्याकडे काही डॉक्टर हल्ली असंच लिहून घेतात आणि त्यात 'लाँगस्टँडिंग हायपरटेन्शन' नाहीतर 'क्रॉनिक डायबेटिस' असे शब्द आपोआप येतात, फाईलमध्ये मात्र साधं 'के/सी/ओ एचटीएन', म्हणजे बीपीचा आजार आहे, एवढंच असतं, किती वर्षं ते कुणी विचारलेलंही नसतं. समोरून लगेच क्वेरी, कधीपासून आहे, पहिलं प्रिस्क्रिप्शन द्या. आधीपासूनच्या आजाराचा वेटिंग पिरियड, म्हणजे तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, २०२४ पासून जास्तीत जास्त ३ वर्षांवर आणलाय, मोरॅटोरियम, म्हणजे ज्यानंतर आजार सांगितला नव्हता म्हणून क्लेम सहसा नाकारता येत नाही तो काळ, ५ वर्षांवर, पण ज्याची पॉलिसी दोन वर्षांची आहे त्याच्यासाठी तो एक शब्द म्हणजे लाख-दीड लाखाचा प्रश्न.

गेल्या उन्हाळ्यात एका रिक्षावाल्या दादांची फाईल होती, बीपी ॲडमिशनलाच पहिल्यांदा सापडलेलं, आणि समरीत 'लाँगस्टँडिंग'. ॲडमिशन नोटमध्ये 'न्यूली डिटेक्टेड' स्पष्ट लिहिलेलं म्हणून वाचलो, डॉक्टरांकडून दुरुस्तीचं पत्र घेतलं, तरी तीन आठवडे त्या माणसाने व्याजाने काढलेल्या पैशावर काढले. त्यांची बायको रोज फोन करायची, मी काय सांगणार? कॅशलेसला डिस्चार्जची फायनल मंजुरी तीन तासांत द्यायची असा नियम २०२४ ला आलाय, पण क्वेरी पडली की ते तीन तास कागदावरच राहतात. तुमच्याकडे महात्मा फुले योजनेत आरोग्यमित्र असतात त्यांनाही विचारून बघा, तारखा आणि डायग्नोसिस जुळले नाहीत की काय होतं ते.

आजार किती वर्षांचा, दारू-तंबाखू आहे की नाही, हे पेशंटने जे सांगितलं आणि तुम्ही जे लिहिलं तेवढंच आलं पाहिजे. विशेषण एकही नको.

---

वॉर्ड_सिस्टर

डॉक्टर, तुमच्या त्या सिस्टरना आधी थँक्यू म्हणालात ना? नसाल म्हणाला तर म्हणा. गोळ्या देताना कार्ड आणि ट्रीटमेंट शीट शेजारी ठेवून बघायचं आम्हाला शिकवलेलं असतं पण तीस पेशंटला दोन सिस्टर असतात तेव्हा ते रोज होतंच असं नाही.

मला मराठी सूचनांबद्दल बोलायचंय. आमच्या मेल मेडिकल वॉर्डला एका डॉक्टरांनी पेशंटसाठी मराठीत कागद काढून द्यायला सुरुवात केली, हेतू खूप चांगला, इंग्रजी कार्ड आमच्याकडे कोण वाचणार. पण एका काकांच्या कागदावर आलं 'आपले हृदय निकामी झाले आहे'. हार्ट फेल्युअरचं केलेलं भाषांतर. त्यांच्या लेकीने तो कागद वाचला आणि कॉटच्या पायाशी खाली बसून रडायला लागली, काका बिचारे घाबरून तिच्याकडे बघतायत, चांगले चालत बाथरूमला जाऊन आलेला माणूस. मी तिला उठवलं, सांगितलं की बाळा, हृदय कमी जोराने काम करतंय म्हणून पायाला सूज येते आणि धाप लागते, त्यासाठी ही लघवी जास्त होण्याची गोळी आहे, सकाळीच द्यायची, रात्री दिलीस तर बाबा रात्रभर उठत बसतील. हे त्या कागदावर नव्हतं. कागदावर होतं 'मूत्रवर्धक औषध निर्देशानुसार घ्यावे' आणि 'मिठाचे सेवन मर्यादित ठेवावे'. मीठ मर्यादित म्हणजे त्या घरात काय समजतात माहितीये का, भाजीत चिमूटभर कमी. लोणचं, पापड, सुकट, शेंगदाण्याची चटणी यांची नावं घ्यावी लागतात, तेव्हा कुठे डोळे मोठे होतात की 'हे पण नाही?'

एसओएसचं पण तसंच, 'आवश्यकतेनुसार' लिहिलं की काहीजण रोज खातात, काहीजण ताप १०२ असला तरी खात नाहीत. 'ताप आला तरच, दिवसात तीनच्या वर नाही' असं लिहा.

मशीनकडून काढा हवं तर, पण सही करायच्या आधी तो कागद वॉर्डातल्या एखाद्या मावशींना वाचून दाखवा. मावशी अडखळल्या तर घरी पण अडखळणार. आणि परत कधी यायचं ते मोठ्या अक्षरात, वारासकट. तारीख विसरतात, 'मंगळवारी, २ नंबर ओपीडी' लक्षात राहतं.

---

कोडवाला_पुणे

हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, डॉक्टर नाही, पण नेमक्या याच गोष्टीवर आमची टीम वर्षभर डोकं लावतेय म्हणून लिहितो.

तुमच्या बाबांच्या केसमध्ये जे झालं तो अपघात नाही, एआयचं मॉडेल असंच चालतं. शिकताना त्याने जे वाचलेलं असतं त्यात 'घरची औषधं चालू ठेवली', 'नातेवाईकांना समजावलं', 'ताप नाही, स्टेबल' अशी वाक्यं भरपूर. तुम्ही जिथे जागा रिकामी ठेवली तिथे ते सगळ्यात नेहमीचं वाक्य टाकतं. चुकीचं वाक्य विचित्र दिसलं असतं तर तुम्ही पकडलं असतं, पण ते नेहमीचंच दिसतं, म्हणून डोळा घसरतो. 'जे दिलेलं नाही तिथे नोंद नाही असं लिही' अशी सूचना दिली की हे बरंच कमी होतं, बंद होत नाही, आम्ही करून बघितलंय.

यावर चांगलं काम बाहेर झालंय. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या यूसीएसएफ या विद्यापीठाने २०२५ मध्ये १०० ॲडमिशन घेऊन डॉक्टरांनी लिहिलेला कोर्स आणि मॉडेलने लिहिलेला कोर्स डॉक्टरांनाच तपासायला दिला, कुठला कुणाचा ते न सांगता. एकंदर दर्जा जवळपास सारखा निघाला, मॉडेलचं लिखाण जास्त सुटसुटीत, पण चुका एका कोर्समागे सरासरी २.९१, डॉक्टरांच्या १.८२. दोन्हीकडे चुका आहेत हे पण बघा, वर सर म्हणतात तेच. आणि सिस्टर जे सांगतायत त्याच्या जवळचं काम न्यूयॉर्कला झालं, २०२४ मध्ये आलं, ५० समऱ्या पेशंटच्या सोप्या भाषेत करून घेतल्या, डॉक्टरांनी १०० वेळा तपासल्या, त्यात १८ वेळा सुरक्षिततेची शंका काढली, बहुतेक काहीतरी गाळल्यामुळे. गाळलेलं पकडणं सगळ्यात अवघड, कारण जे नाहीच ते दिसणार कसं, आणि यावर माझ्याकडे अजून पक्कं उत्तर नाही.

आम्ही काय केलंय तर औषधांची यादी मॉडेलला शिवूच देत नाही. ती फार्मसीच्या नोंदीतून जशीच्या तशी येते, आणि ॲडमिशनच्या आधीची व आत्ताची अशी शेजारी शेजारी दिसते, जिथे फरक आहे तिथे कारणाचा रकाना, तो डॉक्टरने स्वतः भरल्याशिवाय प्रिंट निघत नाही. सुरुवातीला डॉक्टर लोक चिडले, आता चिडत नाहीत. कोर्सचं प्रत्येक वाक्य कुठल्या तारखेच्या नोटमधून आलं ते बाजूला दिसतं, ज्याला तारीख नाही ते वाक्य पिवळं. तुमच्याकडे कागदी फायली, तुम्हाला हे सगळं जमणार नाही, पण आडवा दोन रकान्यांचा तक्ता पेनाने पण काढता येतो.

आणि एक गंभीर सांगतो. नाव काढलं म्हणजे झालं असं नाही. वय, गाव, ॲडमिशनची तारीख, दुर्मिळ आजार, एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. फुकटच्या ॲपमध्ये टाकलेला मजकूर कंपनी पुढे कशाला वापरेल ते सेटिंगवर आणि त्यांच्या अटींवर असतं. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आलाय, आणि त्याआधीपासून डॉक्टरकीची गोपनीयता आहेच. केस पेपरचा फोटो काढून टाकणं तर पूर्ण बंद करा, वरच्या कोपऱ्यात नाव असतंच, शिवाय हस्ताक्षरात इन्शुलिन '१० यू' मधला यू शून्यासारखा वाचला गेला तर १० चे १०० होतात, माणसांनी अशा चुका केलेल्या आहेत, मशीन का करणार नाही. तुमच्या कॉलेजने परवानगी दिलेली, स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी सोय मागा. वैयक्तिक फोनवर नको.

---

मेडिसिन_रेसिडेंट

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, मॅडमना त्याच संध्याकाळी सांगितलं. ओरडल्या नाहीत, खुर्ची ओढून बसायला सांगितलं आणि सगळी जुनी कार्डं एकेक करून माझ्यासोबत वाचली, रात्री साडेनऊपर्यंत. आणखी एक चूक त्यांना सापडली जी मला दिसली नव्हती, एका बाईंच्या कोर्समध्ये टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) 'नॉर्मल' लिहून आलाय, इको झालाच नव्हता, अपॉइंटमेंट पुढच्या महिन्याची होती. त्या बाईंना आता कुणी म्हणालं असतं की इको झालाय, परत कशाला, तर गेल्याच नसत्या. त्यांना फोन केला, तारीख परत सांगितली.

जो पेशंट फोन उचलत नव्हता तो आशाताईंमार्फत सापडला. सरांनी सांगितल्याप्रमाणे पीएचसीला फोन केला, दोन दिवसांनी त्याच्या शेजाऱ्याच्या फोनवरून बोलणं झालं, हाच तो आरटीएवाला, कार्ड घेऊन सोमवारी येतोय.

आता आमच्या युनिटने ठरवलंय की पेशंटची माहिती फोनवर जाणार नाही. कॉलेजकडे सोयीसाठी अर्ज मॅडम करणार आहेत, ती आली तरी औषधं, डिस्चार्जच्या दिवशीची तब्येत आणि सल्ला हे तिन्ही हातानेच. कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला दोन रकाने काढायला लागलोय, 'आधी' आणि 'आता', आणि फरकापुढे कारण. पहिल्या दिवशी अकरा कार्डांना चाळीस मिनिटं जास्त लागली. मॅडमनी इंटर्नना सांगितलंय की डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळीच मागची बाजू भरून ठेवायची, म्हणजे दोनची एसटी चुकणार नाही.

सिस्टरना थँक्यू म्हटलं. त्या म्हणाल्या, ते राहू दे, आधी ट्रीटमेंट शीटवर कारण लिहायला लागा, आम्हालाही कळत नाही का थांबवली ते, आणि रात्रीची सिस्टर आम्हाला विचारते.

टीपीए डेस्कच्या ताईंना एक विचारायचं होतं, 'न्यूली डिटेक्टेड' हे ॲडमिशन नोटमध्ये असलं की पुरतं की समरीतही शब्दशः तेच पाहिजे?

---

टीपीए_डेस्कवरून

दोन्हीकडे तेच पाहिजे, डॉक्टर. आणि शक्य असेल तर पहिलं बीपी रीडिंग तारीख आणि वेळेसकट.